साक्षीदार, राखणदार की निर्णयकर्ता? : हवामानबदलविषयक लेखनातील स्थानिक नेतृत्वाची चिकित्सा

प्रस्तावना

हवामानबदल हा विषय आता केवळ विज्ञानाच्या कक्षेत राहिलेला नाही. साहित्य, समाजशास्त्र, राज्यशास्त्र आणि विधी या सर्वच ज्ञानशाखांनी त्याची दखल घेतली आहे. या संपूर्ण विचारविश्वात आर्क्टिक प्रदेशाला विशेष स्थान प्राप्त झाले आहे. १९७९ नंतरच्या चार दशकांत हा प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला, असे फिनलंडमधील हवामानशास्त्रज्ञांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिले. मराठी वाचकाला हा प्रदेश दूरचा वाटणे स्वाभाविक आहे. तथापि गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र तेथील बर्फ आणि भारतीय मान्सून यांच्या परस्परसंबंधाचा अभ्यास करीत आहे. स्वालबार्ड बेटांवर भारताचे ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र २००८ साली सुरू झाले, २०१३ साली भारताला आर्क्टिक परिषदेत निरीक्षकाचा दर्जा मिळाला आणि २०२२ साली भारताने आपले आर्क्टिक धोरण जाहीर केले. भारताचा या प्रदेशाशी संबंध आहे, हे यावरून स्पष्ट होते.

मात्र या प्रदेशात पिढ्यान् पिढ्या राहणारी माणसे हवामानबदलविषयक लेखनात कोणत्या रूपाने येतात, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. सामान्यतः ती दोन रूपांत येतात. पहिले रूप साक्षीदाराचे. वितळणारा बर्फ, खचणारी किनारपट्टी आणि बदललेले ऋतुमान यांचा अनुभव त्यांनी सांगायचा आणि इतरांनी तो नोंदवायचा. दुसरे रूप राखणदाराचे. निसर्गाशी एकरूप झालेला, पारंपरिक शहाणपण जपणारा, म्हणूनच निसर्गरक्षणाची जबाबदारी ज्याच्यावर सोपवावी असा माणूस. दोन्ही रूपांत आदर आहे, सहानुभूतीही आहे. परंतु तिसरे रूप, म्हणजे आपल्या भूमीविषयी निर्णय घेण्याचा अधिकार असलेल्या माणसाचे रूप, या लेखनात अभावानेच आढळते.

प्रस्तुत लेखात तीन ग्रंथांच्या आधारे या तिसऱ्या रूपाचा शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे. शीला वॉट-क्लूटिए यांचे ‘द राइट टू बी कोल्ड’ (२०१५) हे आर्क्टिकमधील इनुइट नेतृत्वाचे आत्मकथन, राजेंद्र व्होरा यांचा ‘मुळशी सत्याग्रह’ हा ग्रंथ आणि मिलिंद बोकील यांचे ‘गोष्ट मेंढा गावाची’ (२०१२) हे ते तीन ग्रंथ होत. तिघांचे प्रदेश, काळ आणि लेखनप्रकार भिन्न आहेत. तरीही स्थानिक नेतृत्व कशावर उभे राहते आणि कशामुळे कोसळते, या एका प्रश्नाच्या संदर्भात ते परस्परांवर प्रकाश टाकतात.

संज्ञेचा प्रश्न

या विषयाची चर्चा मराठीत करताना प्रथम संज्ञेची अडचण उभी राहते. ‘इंडिजिनस’ या इंग्रजी शब्दासाठी ‘आदिवासी’, ‘मूलनिवासी’ आणि ‘देशज’ असे तीन पर्याय वापरले जातात. त्यांतील ‘मूलनिवासी’ या शब्दाला महाराष्ट्रात जातिव्यवस्थाविरोधी चळवळीचा स्वतंत्र राजकीय अर्थ आहे. ‘देशज’ हा शब्द भाषाशास्त्रात रूढ असला, तरी माणसांविषयी बोलताना परका वाटतो. ‘आदिवासी’ हा शब्द सर्वपरिचित आहे. परंतु घटनेतील ‘अनुसूचित जमाती’ या प्रशासकीय वर्गाशी तो इतका जोडला गेला आहे की त्यातील भूमीवरील पूर्वहक्काचा आशय पुसट होतो.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १३ सप्टेंबर २००७ रोजी या समूहांच्या हक्कांचा जाहीरनामा १४४ विरुद्ध ४ मतांनी स्वीकारला. विरोधात मत देणाऱ्यांत कॅनडा आणि अमेरिका हे आर्क्टिकमधील दोन देश होते. भारताने बाजूने मत दिले. मात्र सर्वच भारतीय या भूमीचे मूळ रहिवासी आहेत, ही आपली भूमिका कायम ठेवली. म्हणजे ज्यांच्या देशात या संज्ञेला निश्चित अर्थ होता, त्यांनी हक्क नाकारले आणि ज्याने हक्क मान्य केले, त्याने संज्ञाच सर्वांना लागू करून तिची धार काढून घेतली.

या पार्श्वभूमीवर वंशाच्या आधारे ‘मूळचा कोण’ हे ठरवीत बसण्यापेक्षा, भूमीशी असलेला उपजीविकेचा संबंध आणि त्या भूमीविषयी बोलण्याचा सामूहिक अधिकार या दोन निकषांवर ‘स्थानिक’ ही संज्ञा वापरणे अधिक उपयुक्त ठरते. भारतीय कायद्यानेही काही प्रमाणात हाच मार्ग स्वीकारला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने अनुसूचित जमातींबरोबरच इतर पारंपरिक वननिवासींनाही हक्कधारक मानले आहे. मुळशीचा मावळा शेतकरी, मेंढ्याचा गोंड आणि आर्क्टिकचा इनुइट यांचा एकत्र विचार या निकषामुळेच शक्य होतो.

‘द राइट टू बी कोल्ड’ : अनुभवाकडून हक्काकडे

शीला वॉट-क्लूटिए यांचा जन्म १९५३ साली कॅनडातील उत्तर क्वेबेकमध्ये झाला. आयुष्याची पहिली दहा वर्षे त्यांनी कुत्र्यांच्या घसरगाडीतून प्रवास केला. त्यानंतर शिक्षणासाठी त्यांना दक्षिणेकडे परक्या कुटुंबात पाठविण्यात आले. पुढे त्या अलास्का, कॅनडा, ग्रीनलंड व रशिया येथील इनुइटांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या अध्यक्षा झाल्या. १९७७ साली स्थापन झालेली ही परिषद आर्क्टिकमधील स्थानिक नेतृत्वाचे प्रमुख व्यासपीठ आहे.

आत्मकथन म्हणून या पुस्तकाची रचना लक्षणीय आहे. हवामानबदल हा येथे एकटा येत नाही. भाषा तोडणारी शाळा, घसरगाडीच्या कुत्र्यांची झालेली कत्तल, दक्षिणेकडील कारखाने व शेतीतून वाऱ्या-पाण्यासोबत येऊन मातेच्या दुधात उतरलेली विषारी रसायने आणि शेवटी पायाखालून सरकणारा बर्फ, अशी ही एकामागून एक होणाऱ्या आघातांची मालिका आहे. त्यामुळे हवामानबदल ही निसर्गाची आपत्ती न राहता, दीर्घ काळ चाललेल्या सत्तासंबंधाचा पुढचा टप्पा ठरते. विषारी रसायनांवर नियंत्रण आणणारा २००१ चा स्टॉकहोम करार घडविण्यात इनुइट प्रतिनिधींचा जो सहभाग होता, त्याचे कथन या दृष्टीने महत्त्वाचे आहे. साक्षीदार म्हणून बोलावल्या गेलेल्या स्त्रिया तेथे वाटाघाटीच्या पक्षकार झालेल्या दिसतात.

पुस्तकाचा गाभा मात्र डिसेंबर २००५ मध्ये दाखल केलेल्या अर्जात आहे. वॉट-क्लूटिए यांनी कॅनडा व अलास्कातील बासष्ट इनुइटांसह आंतर-अमेरिकी मानवी हक्क आयोगाकडे अमेरिकेविरुद्ध तक्रार केली. हरितगृह वायूंच्या उत्सर्जनामुळे इनुइटांचा संस्कृती, मालमत्ता, आरोग्य व उपजीविका यांवरील हक्क हिरावला जातो, असे तिचे सूत्र होते. आयोगाने २००६ साली ही तक्रार पुढे चालविण्यास नकार दिला. २००७ च्या मार्चमध्ये केवळ सर्वसाधारण सुनावणी घेतली. तरीही ‘थंड राहण्याचा हक्क’ या कल्पनेने चर्चेची भाषा बदलली. पांढऱ्या अस्वलाच्या छायाचित्राने जी करुणा जागी होत होती, तिच्या जागी माणसाचा दावा उभा राहिला. करुणा दाखविणे हे दाखविणाऱ्याच्या मर्जीवर असते. दाव्याला उत्तर द्यावे लागते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क घटनेच्या १४ व २१ या अनुच्छेदांतून मान्य केला आणि जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने राज्यांच्या हवामानविषयक कर्तव्यांवर सल्लागारी मत दिले. या घडामोडींच्या मागे जी विचारपरंपरा आहे, तिच्यात या फेटाळलेल्या अर्जाचे स्थान मोठे आहे.

या पुस्तकाचे आणखी एक सामर्थ्य म्हणजे ज्ञानाविषयीची त्याची दृष्टी. इनुइट भाषेतील ‘सिला’ या शब्दात हवामान आणि बुद्धी असे दोन्ही अर्थ आहेत. बर्फाची जाडी ओळखणे, वाट पाहणे, धोका पत्करावा की परत फिरावे हे ठरविणे या शिकारीच्या शिक्षणातून माणसाची निर्णयशक्ती घडते, असे लेखिकेचे प्रतिपादन आहे. येथे पारंपरिक ज्ञान हे माहितीचा साठा म्हणून येत नाही, तर निर्णय घेण्याची क्षमता म्हणून येते. ‘राखणदार’ या प्रतिमेतून नेमका हाच भाग गळून पडतो.

तरीही पुस्तकाच्या मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे. एका व्यक्तीच्या जीवनप्रवासातून समूहाची कथा सांगताना समूहांतर्गत मतभेद मागे पडतात. खनिज उत्खननाला काही इनुइट नेत्यांनी दिलेला पाठिंबा लेखिकेला अस्वस्थ करतो आणि ती अस्वस्थता ती लपवीत नाही. परंतु या भिन्न मतांचा निवाडा गावाच्या पातळीवर कसा व्हावा, याचे उत्तर आत्मकथनाच्या चौकटीत मिळत नाही. आर्क्टिक परिषदेच्या रचनेतही हीच त्रुटी आहे. १९९६ साली स्थापन झालेल्या या परिषदेत आठ राज्यांबरोबर सहा स्थानिक संघटनांना कायम सहभागी म्हणून स्थान आहे. त्यांचा सल्ला घेतला जातो, निर्णय मात्र राज्यांचा असतो. सल्ला आणि संमती यांतील हे अंतर पुढील दोन्ही ग्रंथांच्या वाचनात निर्णायक ठरते.

‘मुळशी सत्याग्रह’ : नेतृत्व कोणाचे?

आकुर्डीपासून फार दूर नसलेल्या मुळशी पेट्यात टाटा कंपनीने जलविद्युत प्रकल्पासाठी धरण बांधण्यास सुरुवात केली, तेव्हा १६ एप्रिल १९२१ रोजी शेतकऱ्यांनी धरणाच्या जागी सत्याग्रह केला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा सखोल अभ्यास मराठीत सिद्ध केला. २००९ साली त्यांच्या इंग्रजी ग्रंथाने जगातील पहिले धरणविरोधी आंदोलन अशी त्याची ओळख जगापुढे ठेवली.

हवामानबदलाच्या चर्चेत शंभर वर्षांपूर्वीच्या या लढ्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न उपस्थित होऊ शकतो. त्याचे उत्तर प्रकल्पाच्या स्वरूपात आहे. मुळशीची वीज मुंबईच्या उद्योगांसाठी होती आणि ती कोळसा न जाळता निर्माण होणारी होती. आजच्या परिभाषेत तिला स्वच्छ ऊर्जा म्हटले जाते. म्हणजेच, ज्याला व्यापक हित म्हणून नाकारणे कठीण अशा प्रकल्पासाठी स्थानिकांनी आपली भूमी द्यावी काय, हा आजचा प्रश्न मुळशीत १९२१ सालीच विचारला गेला होता. नॉर्वेतील फोसेन येथे पवनचक्क्यांमुळे सामी पशुपालकांच्या रेनडियर चराईवर गदा आली, तेव्हा ऑक्टोबर २०२१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने परवाने अवैध ठरविले. निकालानंतरही पाती फिरतच राहिली. पुणे जिल्ह्यात भीमाशंकर अभयारण्यालगतच्या डोंगरांवर उभ्या राहिलेल्या पवनचक्क्यांबाबत माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञगटाने २०११ च्या अहवालात याच स्वरूपाचे आक्षेप नोंदविले होते. वनहक्क मान्य न करताच वनजमीन वळविली गेली आणि पिढ्यान् पिढ्या ज्या डोंगरांवर लोक जात-येत होते, तेथेच त्यांना अडविले जाऊ लागले. मुळशी, भीमाशंकर आणि फोसेन यांना जोडणारा दुवा हा आहे की हवामानरक्षणाचा उपायही स्थानिकांच्या संमतीशिवाय आला, तर तो त्यांच्यासाठी नव्या विस्थापनाचे कारण ठरतो.

व्होरा यांच्या ग्रंथाचे खरे मोल त्यांनी केलेल्या नेतृत्वाच्या विश्लेषणात आहे. मुळशीचा लढा एकजिनसी नव्हता, हे ते दाखवून देतात. जमीन कसणारे मावळे आणि त्या जमिनींवर हक्क असलेले पुण्यातील सावकार-जमीनदार यांचे हितसंबंध वेगळे होते. चळवळीची सूत्रे पुण्यातील राष्ट्रीय कार्यकर्त्यांच्या हाती होती. त्यांच्यातही मतभेद होते. देशी भांडवलाच्या प्रकल्पाला विरोध करणे राष्ट्रहिताचे आहे काय, हा वाद पुण्याच्या वृत्तपत्रांतून गाजला. अखेरीस सावकारवर्गाने नुकसानभरपाईचा मार्ग स्वीकारला आणि मावळ्यांच्या लढ्याचा आधार खचला. सेनापती बापटांनी १९२४ च्या अखेरीपर्यंत प्रतिकार चालू ठेवला आणि त्यासाठी दीर्घ कारावास भोगला. त्यांच्या त्यागाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु नेत्याचा त्याग कितीही मोठा असला, तरी तो समूहाच्या निर्णयसंस्थेची जागा घेऊ शकत नाही, हा या ग्रंथातून निघणारा कठोर निष्कर्ष आहे.

मराठी सांस्कृतिक स्मृतीत मात्र मुळशी हे प्रामुख्याने सेनापतींच्या चरित्रातील एक प्रकरण म्हणून उरले. ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्या पन्नासहून अधिक गावांतील मावळ्यांचा आवाज त्या स्मृतीत क्षीण आहे. ते येथे साक्षीदारही राहिले नाहीत, पार्श्वभूमी झाले. व्होरा यांनी वर्गीय विश्लेषणाच्या साहाय्याने ही उणीव काही अंशी भरून काढली आहे. तथापि त्यांचा ग्रंथ राज्यशास्त्राच्या अंगाने लिहिलेला असल्याने मावळ्यांचे भूमीविषयीचे ज्ञान, भातखाचरांची व्यवस्था, गावांतर्गत निर्णयाच्या पद्धती हा भाग त्यात केंद्रस्थानी येत नाही. ‘कोण बोलले’ याचे उत्तर त्यात समर्थपणे मिळते. ‘कोणाला काय माहीत होते’ याचे उत्तर तुलनेने कमी मिळते.

‘गोष्ट मेंढा गावाची’ : निर्णयाची संस्था

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे सुमारे पाचशे लोकवस्तीचे गोंड आदिवासींचे गाव. इचमपल्ली व भोपालपटनम या धरणांच्या विरोधात १९८० च्या दशकात झालेल्या ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलनाच्या काळात तेथे स्वशासनाचा विचार रुजला. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्या गावाची घोषणा महाराष्ट्रभर पोहोचली. वनहक्क कायद्याखाली २००९ साली मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळविणाऱ्या पहिल्या गावांत त्याची गणना होते. कथाकार व सामाजिक अभ्यासक मिलिंद बोकील यांनी या प्रवासाची मांडणी ‘गोष्ट मेंढा गावाची’ या पुस्तकात केली आहे.

शीर्षकातील ‘गोष्ट’ हा शब्द अर्थपूर्ण आहे. अहवाल, अभ्यास किंवा चरित्र असे त्याचे नामकरण झालेले नाही. गोष्टीचा नायक येथे व्यक्ती नसून गाव आहे. देवाजी तोफा यांच्यासारखे नेतृत्व आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे सहयोगी यांची भूमिका मोठी असली, तरी कथनाचा केंद्रबिंदू ग्रामसभा हाच राहतो. वॉट-क्लूटिए यांच्या आत्मकथनात जी संस्था पार्श्वभूमीला राहते आणि मुळशीत जी उभीच राहू शकली नाही, ती येथे अग्रभागी येते.

मेंढ्याच्या व्यवस्थेतील दोन घटक या विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. पहिला घटक सर्वसहमतीचा. बहुमताने निर्णय न घेता सर्वांची संमती होईपर्यंत चर्चा लांबविली जाते. दुसरा घटक अभ्यासगटाचा. एखाद्या प्रश्नावर माहिती मिळविण्यासाठी अभ्यासगट बसतो, त्यात बाहेरचे तज्ज्ञही येऊ शकतात. परंतु अभ्यासगट निर्णय घेत नाही, निर्णय ग्रामसभाच घेते. ज्ञान आणि सत्ता यांची ही फारकत अत्यंत विचारपूर्वक केलेली आहे. तज्ज्ञाला येथे मान आहे, पण मताधिकार नाही. आर्क्टिक परिषदेत स्थानिकांची जी स्थिती आहे, तिच्या हे नेमके उलट आहे. तेथे राज्ये निर्णय घेतात व स्थानिक सल्ला देतात; येथे स्थानिक निर्णय घेतात व बाहेरचे सल्ला देतात.

बांबूचा प्रसंग या दृष्टीने कसोटीचा ठरतो. कायद्याने बांबूला गौण वनोपज मानून त्यावरील मालकी ग्रामसभेला दिली होती; परंतु वाहतूक परवान्याचा अधिकार वनखात्याकडेच असल्यामुळे हक्क कागदावर राहिला होता. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवाना पुस्तिका ग्रामसभेच्या स्वाधीन झाली. वरवर पाहता ही एक प्रशासकीय बाब होय. परंतु जंगल राखण्याची जबाबदारी गावाची आणि त्यातून बाहेर काय जाईल हे ठरविण्याचा अधिकार दुसऱ्याचा, ही विभागणी त्या पुस्तिकेने मोडली. राखणदार तेथे निर्णयकर्ता झाला.

हवामानबदल ही संकल्पना मेंढ्याच्या प्रयत्नांचे मूळ प्रयोजन नव्हती, हेही ध्यानात घेतले पाहिजे. जंगल हे गावासाठी अन्न, सरपण, औषध आणि देवस्थान आहे. वातावरणातील कर्ब शोषून घेणारे कोठार ही त्याची ओळख बाहेरून आलेली आहे. आज जंगलांचे मोल कर्बाच्या परिमाणात मोजले जाऊ लागल्यावर बांबू तोडून विकणारी ग्रामसभा आदर्श राखणदाराच्या प्रतिमेत बसेनाशी होण्याचा संभव आहे. इनुइटांच्या सील शिकारीवर पर्यावरणवाद्यांनी घेतलेले आक्षेप याच जातीचे होते. स्थानिकांनी निसर्ग राखावा, परंतु त्यावर जगू नये, ही अपेक्षा उत्तर ध्रुवाजवळ आणि गडचिरोलीत सारख्याच सहजतेने बाळगली जाते.

पुस्तकाच्या परिणामाविषयी एक गंभीर शंका नोंदवावी लागते. गोष्टीच्या रूपबंधात संघर्षातून सिद्धीकडे जाणारी एक स्वाभाविक गती असते. त्यामुळे मेंढ्याची कथा ‘आदर्श गावाची यशोगाथा’ म्हणून वाचली जाण्याचा धोका निर्माण होतो आणि तसे वाचन मोठ्या प्रमाणावर झालेही आहे. यशोगाथा वाचणाऱ्याला समाधान देते. तिच्यातून मागणी निर्माण होत नाही. मेंढा हे अपवादात्मक गाव आहे असे मानले, की इतर गावांना तोच अधिकार नाकारणे सोपे जाते. त्याच गडचिरोली जिल्ह्यात सुरजागडच्या लोहखनिज उत्खननाला परिसरातील ग्रामसभांनी विरोध नोंदविला असूनही उत्खनन चालू आहे. कायदा एकच, जिल्हाही एकच. जेथे खनिज नव्हते तेथे ग्रामसभेचा निर्णय मान्य झाला आणि जेथे होते तेथे तो डावलला गेला. मेंढ्याची गोष्ट सुरजागडच्या वास्तवाजवळ ठेवून वाचली, तरच तिचा राजकीय अर्थ शाबूत राहतो.

औद्योगिक पट्ट्यातील वाचन

या तीन ग्रंथांचे वाचन आकुर्डीसारख्या ठिकाणी होते, तेव्हा त्याला निराळा संदर्भ प्राप्त होतो. पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरणाची स्थापना १९७२ साली झाली आणि आकुर्डी, निगडी, भोसरी परिसरातील शेतजमिनी नियोजित नगरासाठी संपादित झाल्या. २०२१ साली ते प्राधिकरण विलीन झाले. परंतु जमीन दिलेल्या कुटुंबांचा परताव्याचा प्रश्न त्यानंतरही चर्चेत राहिला. गावे प्रभाग झाली. खंडोबाचा माळ हे नाव उरले, पण माळाविषयी निर्णय घेणारी गावसभा उरली नाही. शहरी भागात ग्रामसभेला समांतर अशी परिणामकारक लोकसंस्था कायद्याने अद्याप उभी केलेली नाही.

या नगराचे पाणी पवना धरणातून येते. त्या धरणातील विस्थापितांचे पुनर्वसन दशकानुदशके रेंगाळले. धरणातून बंद जलवाहिनीने शहराला पाणी आणण्याच्या योजनेला मावळातील शेतकऱ्यांनी विरोध केला आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊर येथे झालेल्या पोलीस गोळीबारात तीन शेतकऱ्यांचा मृत्यू झाला. शहराच्या बाजूने विचार केला, तर बंद जलवाहिनीमुळे गळती व प्रदूषण टळते, पाण्याची बचत होते. हवामानबदलाच्या काळात असा युक्तिवाद अधिकच बळकट होत जाणार आहे. मावळाच्या बाजूने विचार केला, तर नदीतून वाहणारे पाणी हा काठच्या शेतीचा आधार आहे. दोन्ही बाजूंना तथ्य आहे. परंतु हा प्रश्न कोणत्या सभेत, कोणाच्या संमतीने सोडवावा याची व्यवस्थाच नसल्यामुळे तो रस्त्यावर आला. मुळशीनंतर नव्वद वर्षांनी त्याच जिल्ह्यात तीच उणीव पुन्हा दिसली.

इनुइटांच्या बर्फाविषयी किंवा मेंढ्याच्या जंगलाविषयी औद्योगिक पट्ट्यातील वाचकाला आस्था वाटते, हे स्वागतार्ह आहे. परंतु येथील कारखान्यांत बनणाऱ्या वाहनांचे पोलाद कोणाच्या तरी डोंगरातून येते आणि त्यांचा धूर कोणाच्या तरी बर्फापर्यंत पोहोचतो. वॉट-क्लूटिए यांच्या अर्जातील तर्क येथे लावला, तर हा वाचक केवळ सहृदय प्रेक्षक राहत नाही. तो प्रतिपक्षाच्या बाजूलाही उभा असतो. त्याच वेळी ज्याची शेती नगरात गेली आणि ज्याच्या नातवंडांना पवनेचे पाणी नळातून मिळते, असा आकुर्डीचा मूळ रहिवासी एकाच आयुष्यात दोन्ही बाजूंना उभा राहिलेला असतो. या दुहेरी स्थितीचे समर्थ चित्रण करणारे पुस्तक मराठीत यावयास हवे.

समारोप

तिन्ही ग्रंथांच्या चिकित्सेतून हवामानबदलविषयक लेखनाच्या मूल्यमापनासाठी तीन प्रश्न हाती येतात. या लेखनात कोण बोलते, कोणाचे ज्ञान प्रमाण मानले जाते आणि निर्णय कोण घेते? ‘द राइट टू बी कोल्ड’ पहिल्या दोन प्रश्नांना समर्थ उत्तर देते. ‘मुळशी सत्याग्रह’ पहिल्या प्रश्नाची निर्मम चिकित्सा करतो आणि तिसऱ्याच्या अभावी लढा कसा कोसळतो हे दाखवितो. ‘गोष्ट मेंढा गावाची’ तिसऱ्या प्रश्नाला संस्थात्मक उत्तर देते. मात्र ते उत्तर अपवाद म्हणून वाचले जाण्याच्या धोक्यासह देते.

स्थानिक नेतृत्व म्हणजे परंपरेचे शहाणपण नव्हे आणि नेत्याचे शौर्यही नव्हे. नकार देण्याचा आणि अटी घालून होकार देण्याचा मान्य अधिकार ज्या समूहाजवळ आहे, त्याचेच नेतृत्व टिकते. कॅनडाच्या नुनावुत प्रदेशात २०१९ साली सुमारे १ लाख ८ हजार चौरस किलोमीटरच्या तालुरुतिउप इमंगा या सागरी क्षेत्राचे संरक्षण इनुइटांशी करार करून सुरू झाले. स्थानिक इनुइट तेथे पगारी राखणदार आहेत आणि व्यवस्थापनातील भागीदारही आहेत. मेंढ्याच्या परवाना पुस्तिकेचा आणि या कराराचा आशय एकच आहे.

ज्यांनी पृथ्वीचे सर्वांत कमी नुकसान केले, त्यांच्याकडून तिच्या रक्षणाची सर्वाधिक अपेक्षा केली जाते. ही अपेक्षा अधिकाराशिवाय केली गेली, तर तो गौरव नसून वेठबिगारीच होय. साक्षीदाराची साक्ष ऐकून घेतल्याने आणि राखणदाराचा सत्कार केल्याने त्यात बदल होत नाही. मराठी पर्यावरणविषयक लेखनाने आणि त्याच्या समीक्षेने आदराच्या भाषेकडून संमतीच्या भाषेकडे वळण्याची आवश्यकता आहे. त्या वाटचालीचा आरंभ दूरच्या बर्फापासून करण्यापेक्षा पवना आणि मुळशी यांच्या काठावरून करणे अधिक उचित ठरेल. कारण तेथे संमती कोणी द्यावयाची होती आणि ती कोणी मागितली नाही, हे येथील वाचकाला तपासून पाहता येते.